गिनीपिगच्या नवजात पिल्लांसाठी घेतलेला वजनकाटा: तीन महिन्यांच्या वापरानंतर

स्वयंपाकघरात रवा-साखर मोजण्यासाठी मिळतो तो साधा डिजिटल वजनकाटा आम्ही डिसेंबरच्या शेवटी साडेचारशे रुपयांना घेतला, पण आजवर त्यावर रवा एकदाही मोजलेला नाही. तो घेतला तो जानेवारीत जन्माला येणाऱ्या गिनीपिगच्या पिल्लांसाठी. पिल्लांच्या निमित्ताने घरात पिंजरा, गवत, पाण्याची बाटली, जीवनसत्त्वाचे थेंब अशा पुष्कळ वस्तू आल्या. त्यांपैकी एकीवाचून अजिबात चालले नसते ती कोणती, असे कोणी विचारले तर मी या काट्याकडे बोट दाखवीन. म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. त्यात खोडी आहेत आणि त्यांतली एक चांगलीच त्रासदायक आहे, त्याही लिहिते.

काट्याचे अंग पांढऱ्या प्लास्टिकचे, वर वीतभर रुंदीचे गोल तबक, समोर आकड्यांची लहान खिडकी आणि तीन बटने. आत दोन पेन्सिल सेल बसतात. खोक्यावर क्षमता १० किलो आणि अचूकता १ ग्रॅम अशी छापलेली आहे. नवजात पिल्लांसाठी यांतला दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण गिनीपिगचे पिल्लू जन्मतः साधारण ६० ते ११५ ग्रॅमचे असते आणि पुढे दिवसाला जेमतेम ५ ते ७ ग्रॅम वाढते. ही वाढ होते आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही आणि हातात घेऊनही कळत नाही. मी आठवडाभर वजन करण्याआधी हाताने अंदाज बांधून पाहिला. तिन्ही पिल्ले मला रोज सारखीच भरायची.

काटा घेण्याची वेळ आली कशी, हे आधी सांगायला हवे. दिवाळीच्या सुट्टीत मुलीसाठी शहरातल्या एका दुकानातून आम्ही दोन गिनीपिग आणले. ‘दोन्ही माद्याच आहेत, काळजी करू नका,’ असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. डिसेंबरच्या अखेरीस त्यांतल्या एकीचे पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले दिसू लागले, तेव्हा लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे दोघांना घेऊन गेलो. त्यांनी पोटावर अलगद बोटे फिरवून पिल्ले असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्याला उलटे धरून क्षणभर पाहून तो नर असल्याचेही सांगितले. गिनीपिगमध्ये नर-मादी वरवर पाहून ओळखता येत नाही हे खरे. पण जो माणूस हे प्राणी विकतो त्याने तेवढे शिकून घ्यावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. पूर्ण वाढ होण्याआधी किंवा अगदी म्हातारपणी गाभण राहिलेली मादी दगावू शकते. पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या आत झाली नाही, तर तिच्या कटीतला हाडांचा सांधा घट्ट होत जातो आणि मग पिल्लू अडते. आमची मादी जेमतेम पाच महिन्यांची असावी, एवढ्यावरच आम्ही सुटलो.

डॉक्टरांनी दोन गोष्टी करायला सांगितल्या. ‘ताई, नराला आजच्या आज वेगळे ठेवा. व्यायल्यावर काही तासांतच ही पुन्हा माजावर येते, आणि तो जवळ असला तर पिल्ले पाजता पाजता पुन्हा गाभण राहील,’ ही पहिली. दुसरी गोष्ट, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घरी आणा. त्यांच्या दवाखान्यातला जमिनीवरचा मोठा काटा कुत्र्यांसाठी होता. तो १०० ग्रॅमच्या टप्प्यांनी आकडे दाखवी. ‘उद्या पिल्लू घेऊन आलात तर माझ्या काट्यावर शून्यच दिसेल,’ असे ते म्हणाले, आणि औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्याने घरची वही बरोबर आणायलाही त्यांनी बजावले.

दुकानात तीन प्रकारचे काटे पाहिले. सोनारांसारखा चिमुकला काटा शतांश ग्रॅम दाखवतो, पण त्याची ताटली हाताच्या तळव्यापेक्षा लहान आणि क्षमता २०० ग्रॅम. पिल्लू तीन आठवड्यांत त्याच्या बाहेर जाते, आणि एवढ्या सूक्ष्म आकड्यांचा हलणाऱ्या प्राण्यावर काही उपयोगही नाही. तान्ह्या मुलांचा काटा ऐसपैस असतो, पण आम्हाला दाखवलेला १० ग्रॅमच्या टप्प्यांचा होता, म्हणजे दोन दिवसांची वाढ त्याला दिसलीच नसती. हुकाला पिशवी अडकवून धरण्याचा स्प्रिंगचा काटा पिल्लांसाठी मुळीच घेऊ नये. राहिला तो स्वयंपाकघरातला, आणि तोच घेतला.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे तो खरे बोलतो का हे तपासणे. त्यासाठी प्रमाणित वजने विकत आणण्याची गरज नाही. २०११ च्या मालिकेतले पितळी रंगाचे पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे असते, त्यामुळे अशी दहा नाणी म्हणजे ६० ग्रॅम, अगदी नवजात पिल्लाएवढे वजन. मात्र त्याआधीची जाड नाणी आणि २०१९ च्या मालिकेतली नाणी वेगळ्या वजनाची आहेत, म्हणून नाण्यांवरचे साल पाहून घ्यावे. आमच्या काट्याने दहा नाण्यांना ६० आणि वीस नाण्यांना १२० दाखवले. शहाबादी फरशीच्या खडबडीत भागावर ठेवला तेव्हा मात्र तोच काटा ५८ दाखवू लागला. त्याचे चारही पाय सपाट टेकले पाहिजेत, हे तेव्हा कळले. आता आम्ही खाली पोळपाट उलटा ठेवत नाही की चटई घालत नाही, दिवाणखान्यातल्या गुळगुळीत टाइल्सवरच ठरलेल्या जागी तो ठेवतो.

पिल्ले येण्याआधीचे तीन आठवडे काट्याचा उपयोग आईसाठी झाला. एक म्हणजे तिचे वजन: ९४० ग्रॅमवरून ते १,२६० पर्यंत गेले. गाभण मादीला पोटावर दाब येईल असे उचलायचे नाही, म्हणून काट्यावर पसरट डबा ठेवून तो शून्य करायचा, मग डबा जमिनीवर आडवा धरून तिला चालत आत येऊ द्यायचे आणि डब्यासकट काट्यावर ठेवायचे, अशी पद्धत बसवली. दुसरा उपयोग खाण्याचा. माणसासारखेच गिनीपिगलाही ‘क’ जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक या नॉर्वेच्या संशोधकांना स्कर्व्हीचा, म्हणजे ‘क’च्या अभावाने होणाऱ्या रोगाचा, अभ्यास करता आला तो याच प्राण्यामुळे. एरवी किलोमागे दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम पुरते, गाभणपणी मात्र ती गरज ३० पर्यंत जाते. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला ८० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ असते, म्हणजे आमच्या मादीला रोज ४०-५० ग्रॅम मिरची हवी. अंदाजाने देत होतो तेव्हा ती १५ ग्रॅमच भरत होती, हे काट्याने दाखवले. पाण्यात घालायचे जीवनसत्त्वाचे थेंबही आम्ही आणले होते. ते पैसे वाया गेले असे मी स्पष्ट म्हणेन, कारण पाण्यात आणि उजेडात हे जीवनसत्त्व काही तासांतच निकामी होऊ लागते, शिवाय पाण्याची चव बदलल्याने मादीने पिणे कमी केले.

चाऱ्याबद्दलही एक गोष्ट इथेच सांगते, कारण त्यावरून ओळखीतल्या एका घरात गोंधळ झाला. गाभण मादीला आणि वाढत्या पिल्लांना कॅल्शियमसाठी जे अल्फाल्फा गवत महाग पाकिटांतून विकतात, ते म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचा लसूणघास. गिनीपिगला कांदा-लसूण वर्ज्य असल्याने नाव ऐकून लोक घाबरतात. पण लसूणघासाचा लसणाशी काही संबंध नाही, ते द्विदल पीक आहे. ताजे ओले एकदम पुष्कळ घातले तर पोट फुगते, म्हणून सावलीत वाळवून आम्ही मूठभर देत होतो. नराला मात्र ते दिले नाही. मोठ्या प्राण्यांत जादा कॅल्शियममुळे मुतखडे होण्याची भीती असते, त्याला साधे टिमथी गवतच ठेवले.

किंक्रांतीच्या पहाटे मादी व्यायली. नर-मादी एकत्र आल्यापासून सुमारे दहा आठवडे झाले होते, आणि गिनीपिगची गर्भावस्था ५९ ते ७२ दिवसांची असते, तेव्हा ते अपेक्षितच होते. उंदीर-सशाची आंधळी, केस नसलेली पिल्ले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे दृश्य खरे वाटणार नाही: तीन पिल्ले, तिघांचे डोळे उघडे, अंगावर पूर्ण केस, तोंडात दात, आणि तासाभरात ती आईमागे तुरुतुरु चालू लागलेली. दुसऱ्या दिवशी तर ती गवताची काडी चावत होती. मुलीने त्यांची नावे तीळ, गूळ आणि हलवा अशी ठेवली. एवढी तयार पिल्ले पाहून आता आपल्याला करण्यासारखे काही उरले नाही असेच वाटते, आणि खरा धोका याच वाटण्यात आहे. गवत खात असली तरी पहिले दोन-तीन आठवडे त्यांना दूध लागतेच, आणि मादीला सड दोनच असतात. तीन पिल्ले आणि दोन सड, तेव्हा कोण मागे पडते आहे हे पाहणे भाग होते.

पहिल्या सकाळची वजने वहीत अशी आहेत: गूळ ९६, तीळ ८८, हलवा ६३. दुसऱ्या दिवशी ९४, ८५, ६०. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडे वजन उतरणे स्वाभाविक असते, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून घाबरलो नाही. तिसऱ्या दिवशी गूळ ९७, तीळ ८६ आणि हलवा ५७. दोघे वर चढू लागले आणि एक उतरतच राहिले. त्या वेळी हलव्याकडे पाहून कोणालाही काही शंका आली नसती. ते इतरांइतकेच उड्या मारत होते, आईच्या पोटाशी घुसत होते, डोळे स्वच्छ होते. फक्त आकडा वेगळे सांगत होता. मी डॉक्टरांना फोन करून तिन्ही दिवसांची वजने वाचून दाखवली. वरचे दूध बळेच पाजायचे नाही, कारण चुकून फुप्फुसात गेले तर पिल्लू हातचे जाते, असे त्यांनी आधी बजावले, आणि मग एक सोपा उपाय सांगितला: दोन धष्टपुष्ट पिल्लांना गवत घातलेल्या परडीत पंधरा-वीस मिनिटे वेगळे ठेवायचे, तेवढ्या वेळात हलव्याला आईपाशी एकटे सोडायचे, आणि असे दिवसातून चार-पाच वेळा करायचे.

आम्ही तसे केले. परडी पिंजऱ्याला लागूनच ठेवली, म्हणजे पिल्लांची चिवचिव आईला ऐकू येत राहील. थंडी होती, म्हणून परडीखाली घडी घातलेले पांघरूण ठेवले. पहिल्या वेळी हलवा आईपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले, जणू आपली पाळी आली आहे हे त्याला समजतच नव्हते. मग आई कुशीवर न होता बसल्या बसल्याच थोडी वर उचलली गेली आणि ते तिच्या पोटाखाली शिरले. चौथ्या दिवशी वजन ५८. एक ग्रॅम. हा आकडा पाहून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पाचव्या दिवशी ६१, सातव्या दिवशी ७०. दहाव्या दिवशी परडी बंद केली. हा एक ग्रॅम ज्या काट्याला दिसत नाही तो काटा या कामाचा नाही, एवढे मी खात्रीने म्हणू शकते.

वजन करण्याची आमची रीत पुढीलप्रमाणे ठरली. रोज सकाळी आठला, पालेभाजी घालण्यापूर्वी. काट्यावर स्टीलचे उंच कडांचे पातेले, त्यात सुती पंचाची घडी, कारण जानेवारीत स्टीलचा गारठा पिल्लांना सोसत नाही आणि गुळगुळीत तळावर त्यांचे पाय घसरतात. मग मधले बटन दाबून आकडा शून्यावर आणायचा आणि पिल्लू दोन्ही हातांच्या ओंजळीत आणून आत ठेवायचे. सारे काही जमिनीवर, ओट्यावर किंवा टेबलावर कधीच नाही. ही पिल्ले घाबरली की स्प्रिंगसारखी उसळतात आणि उंचीवरून पडली तर पाय मोडतात. पिल्लू हलत असते तोवर आकडा पाच-सहा ग्रॅम खालीवर होतो. पातेल्यावर तळहात धरून किंचित अंधार केला की ते दोन-तीन क्षण स्तब्ध बसते, तेवढ्यात आकडा स्थिरावतो. असे दोनदा करून दोन्ही वेळा जुळले तरच वहीत लिहायचे. हाताळल्यामुळे आमच्या मादीने एकाही पिल्लाला दूर लोटले नाही.

आता खोडींकडे येते. सगळ्यात त्रासदायक म्हणजे एकक बदलण्याचे बटन शून्य करण्याच्या बटनाला अगदी खेटून आहे. सहाव्या दिवशी घाईत ते दाबले गेले आणि तिळाच्या जागी ३.३ असा आकडा दिसला. काटा औंसात गेला होता हे लक्षात यायला दोन मिनिटे लागली. तोवर काटा बिघडला असे समजून मी आदल्या दिवसांची सगळी वजने मनातल्या मनात खोटी ठरवून बसले होते. आता त्या बटनावर चिकटपट्टी लावली आहे. दुसरी खोड अशी की काही वेळ हालचाल झाली नाही तर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा सुरू करताना पातेल्याचे वजन शून्य धरतो, म्हणून पातेले ठेवण्याआधीच सुरू करावा. तिसरी, एक-दोन ग्रॅमची भर हळूहळू घातली तर तो ती गिळून टाकतो; पिल्लांना हे लागू होत नाही, पण डॉक्टरांनी दिलेली पूड मोजायला तो वापरू नये. तबक आणि अंग यांच्यामधली फट उघडी असल्याने मूत आत जाण्याची भीती असते, म्हणून आम्ही संपूर्ण काटा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच वापरतो. सेल मात्र तीन महिन्यांत एकदाही बदलावे लागलेले नाहीत.

काट्याच्या वहीचा आणखी एक उपयोग आम्हाला आधी सुचला नव्हता. फेब्रुवारीत मादीच्या सडाला पिल्लांचे दात लागून जखम झाली. डॉक्टर बाहेरगावी होते म्हणून जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात गेलो, तर तिथे पोटात घ्यायचे अमॉक्सिसिलिन लिहून दिले. हे प्रतिजैविक कुत्र्या-मांजरांना सर्रास देतात, पण गिनीपिगच्या आतड्यातले उपयुक्त जंतू त्याने मरतात आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. आमच्या डॉक्टरांना फोनवर विचारल्यामुळे ते दिले गेले नाही. वहीतले तिचे ताजे वजन ऐकून त्यांनी फोनवरच दुसऱ्या, चालणाऱ्या औषधाची मात्रा मिलिलिटरमध्ये सांगितली. जखम आठवड्यात भरली.

एकविसाव्या दिवशी गूळ २०८ ग्रॅम, तीळ १९२ आणि हलवा १५१ होते. गूळ नर निघाला, म्हणून त्याच दिवशी त्याला बापाच्या पिंजऱ्यात हलवले. तीन आठवड्यांनंतर नर पिल्लू आईला किंवा बहिणींना गाभण करू शकते, त्यामुळे यात एक दिवसाचीही सवलत घेऊ नये. तीळ आणि हलवा दोघीही माद्या असल्याने आईपाशी राहिल्या. दूध सोडण्यासाठी साधारण १८० ग्रॅमचा आकडा धरतात, आणि हलवा तिथे पोहोचली ती सत्ताविसाव्या दिवशी.

ज्यांच्या घरी गाभण गिनीपिग आहे त्यांनी असा काटा पिल्ले होण्याआधी निदान दोन आठवडे आणावा, नाण्यांनी तपासून घ्यावा आणि स्वयंपाकासाठी असलेला काटा यात ओढू नये. घेताना १ ग्रॅमचा टप्पा, तबकाला बाहेरची कड नसणे आणि बटने एकमेकांपासून दूर असणे एवढे पाहावे. मोबाइलला जोडणारे आणि काचेचे महागडे काटे घेण्याचे कारण नाही. आमच्याकडे आता आठवड्यातून एकदा, रविवारी वजन होते. गेल्या रविवारी तीळ ५३४ आणि हलवा ५४१ भरली.